वेशीच्या आत, पायी

बार्शीटाकळीच्या कालिकादेवीच्या देवळात शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६-७७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. ज्या हेमाडपंताच्या नावाने अशी देवळे ओळखली जातात, तो यादवांचा मंत्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. म्हणजे हे ‘हेमाडपंती’ देऊळ खुद्द हेमाडपंताहून जवळजवळ शंभर वर्षांनी वडील आहे. तालुक्याच्या गावी कामानिमित्त येणारा माणूस तहसील कचेरी, बँक, बाजार आणि बसथांबा एवढे पाहून परततो. अकोला-पूर्णा मार्गावरच्या गाडीतून जाणाऱ्याला तर स्थानकाच्या पाटीपलीकडे काही दिसत नाही. गावातली मंडळी देवीला येतात, ओटी भरतात, प्रदक्षिणा घालतात. त्या लेखाकडे मान वळवणारे थोडे.

यात बार्शीटाकळीचा वेगळा दोष नाही. वऱ्हाडातील व्यापारी घराण्यांची गाव पाहण्याची रीतच पालटली आहे. उधारीच्या वसुलीला निघालेला मुनीम एकेकाळी अख्खी पेठ पायी फिरत असे. कोणाच्या ओट्यावर कोण बसते, कोणाच्या वखारीत कापूस येऊन पडला, कोणाच्या घरी सोयरीक जुळत आली आणि कोणाच्या दुकानावर दुपारीच फळी लागली, हे त्याला वहीपेक्षा वाटेवर अधिक कळे. आता पैसे मोबाइलवर येतात आणि माणूस मोटारीने थेट दारात उतरतो. सोय झाली हे खरे. पण दोन दारांच्या मधले गाव त्या सोयीत हरवले.

या भागातील अनेक जैन कुटुंबे वर्षाकाठी एखादा दिवस कारंजाला जातात. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची तीन मंदिरे तेथे आहेत. सकाळी निघावे, तिन्ही ठिकाणी दर्शन घ्यावे, भोजन करावे आणि सूर्यास्ताच्या आत घरी यावे, असा बेत असतो. मोटार एका मंदिराच्या पायरीपासून दुसऱ्या मंदिराच्या पायरीपर्यंत जाते आणि मधले कारंजा काचेआडून निघून जाते. खरे तर सांगण्यासारखे पुष्कळसे त्या मधल्या वाटेवरच आहे.

कारंजा पूर्वी अकोला जिल्ह्यात होते. १९९८ मध्ये वाशीम जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेले. सरकारी कागदावर त्याचे नाव कारंजा (लाड). लाट म्हणजे दक्षिण गुजरातचा जुना देश. तिकडून आलेल्या लाड मंडळींवरून हे नाव पडले असे मानतात. जुन्या लोकांच्या तोंडी ‘बिबीचे कारंजे’ असेही एक नाव होते. अहमदनगरच्या निजामशाहीतील एका शहाजादीला हे गाव आंदण मिळाले होते, अशी त्यामागची आख्यायिका. दत्तसंप्रदायाच्या भाविकांसाठी हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान आहे आणि गुरुमंदिरात वर्षभर राबता असतो. एका गावाला इतक्या वाटांनी लोक आले की प्रत्येकाने त्याला आपले नाव दिले.

पायी निघणाऱ्याने सुरुवात वेशीपासून करावी. कारंजाच्या जुन्या तटाला चार वेशी: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. वेशीचे नाव म्हणजे तेथून निघणारी वाट ज्या गावाला जाते त्या गावाचे नाव, हा साधा नियम. यातले पोहा जवळचे खेडे, मंगरूळ आणि दारव्हा शेजारच्या बाजारपेठा. चौथी वेस मात्र एकदम दिल्लीला जाते! एका बाजूला बैलगाडीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याचे गाव आणि दुसऱ्या बाजूला बादशहाची राजधानी, ही दोन्ही अंतरे ज्या गावाला सारखीच आपली वाटत, ते गाव किती लांबवरचा व्यवहार करीत असेल याचा अंदाज त्या चार नावांतूनच येतो. मोटारीतून जाणाऱ्याला हे कळत नाही, कारण मोटार वेशीतून न जाता बाहेरच्या रुंद रस्त्याने येते.

मोगल अमदानीत कारंजा हे वऱ्हाडातले अत्यंत श्रीमंत गाव होते. त्या श्रीमंतीची साक्ष एका लुटीतून मिळते. १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेने मोगलांच्या मुलखात मुसंडी मारून कारंजा गाठले. सोने, चांदी आणि उंची कापड चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेले आणि त्याची किंमत एक कोटी होती, असे त्या काळच्या वृत्तांतांच्या आधारे इतिहासकारांनी लिहिले आहे. गावातले सारे धनिक ओलीस म्हणून धरले गेले. सर्वांत मोठा सावकार तेवढा निसटला. तो स्त्रीवेश करून गेला असे सांगतात, कारण महाराजांचे सैन्य बाईमाणसाला हात लावत नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. व्यापाऱ्याची माहिती अचूक असते ती अशी.

दुसरी कथा कस्तुरीच्या हवेलीची. परदेशी व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून आला. इतका माल एकरकमी घेणारा कोणी भेटेना म्हणून तो गावाची टर उडवू लागला. तेव्हा लेकुर संघई यांनी सगळीच्या सगळी कस्तुरी विकत घेतली आणि हवेलीच्या बांधकामाच्या गाऱ्यात कालवून टाकली. भिंतींना किती वर्षे सुगंध येत होता याचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात आणि ते तसेच बदलते राहू द्यावेत. यातला ‘संघई’ हा शब्द मात्र थांबून पाहण्याजोगा आहे. यात्रेकरूंचा संघ स्वखर्चाने तीर्थाला नेणारा तो संघपती. त्याचेच संघवी, संघई. महिनोन्‌महिने शेकडो माणसांना पायी घेऊन जाणे, त्यांच्या मुक्कामाची, शिध्याची, गाळलेल्या पाण्याची आणि वाटेवरच्या चोराचिलटांची काळजी वाहणे यातून ते आडनाव आले. आज त्या आडनावाची मंडळी मंदिरापर्यंत मोटारीने जातात, हा काळाचा विनोद.

वेशीतून आत आल्यावर जुन्या पेठेची रचना पायांनाच आधी जाणवते. रस्ता सरळ नसतो. दहा-वीस पावलांवर तो वळतो, पुढचे दिसेनासे होते, मग एखाद्या छोट्या चौकात उघडतो. अशा वळणांमुळे घोडेस्वार वेगाने घुसू शकत नाही आणि वैशाखातल्या उन्हाला सरळ मार्ग मिळत नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींवर सावली धरतात. जुन्या पद्धतीच्या घराला रस्त्याकडे खिडक्या कमी आणि ओटा मोठा. ओट्यावर पेढी, पेढीमागे दिंडी दरवाजा, आत ढाळज, मग चौक, चौकाभोवती ओसरी, ओसरीत बंगई, पलीकडे माजघर आणि भिंतीत धान्याचे बळद. वर जाड मातीचे माळवद. दुकान पुढे आणि घर मागे, ही मांडणी जैन घराला विशेष सोयीची होती. सूर्यास्ताआधी जेवण उरकायचे तर गादीवरून उठून चार पावलांत ताटावर बसता आले पाहिजे. विहीरही घरात किंवा अगदी जवळ लागे. पाणी गाळून घ्यायचे आणि गाळण्यातली जिवाणी ज्या विहिरीतून पाणी काढले त्याच विहिरीत परत सोडायची, हा नेम पाळायचा तर विहीर दूर असून चालत नाही. घरातल्या बाईचा दिवसाचा कितीतरी वेळ या एका नेमात जाई. धर्म घराच्या नकाशात उतरतो तो असा, आणि तो नकाशा चालल्यावाचून वाचता येत नाही.

कारंजातील बघेरवाल आणि इतर जैन घराण्यांनी मंदिरे बांधली, भट्टारकांच्या गाद्या सांभाळल्या. त्या गाद्यांच्या परंपरा विद्याधर जोहरापूरकर यांनी ‘भट्टारक संप्रदाय’ या १९५८ साली सोलापुरातून निघालेल्या ग्रंथात लेखांच्या आधारे मांडल्या आहेत. पण या घराण्यांचे सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारले तर ते मंदिराच्या शिखरात नाही, भांडारातल्या कापडी वेष्टनांत आहे.

दहाव्या शतकात पुष्पदंत नावाचा कवी राष्ट्रकूटांच्या राजधानीत, मान्यखेटला, राहत होता. तिसऱ्या कृष्णाचा मंत्री भरत याने त्याला आश्रय दिला आणि इसवी सन ९६५ मध्ये त्याचे ‘महापुराण’ पुरे झाले. पुढे भरताचा पुत्र नन्न याच्या आश्रयाने ‘णायकुमारचरिउ’ आणि ‘जसहरचरिउ’ ही काव्ये झाली. भाषा अपभ्रंश, म्हणजे प्राकृत आणि आजच्या मराठी-हिंदी-गुजराती यांच्या मधला पूल. ९७२ मध्ये माळव्याच्या सीयक परमाराने मान्यखेट लुटले. राजधानी गेली, राष्ट्रकूटही लवकरच गेले. मान्यखेटचे आज कर्नाटकातील मळखेड झाले आहे. कवितेला मात्र राजधानी लागली नाही. नकलेवरून नक्कल होत ती गावोगावच्या भांडारांत पोचली आणि कारंजाच्या मंदिरांत कापडात गुंडाळून राहिली.

तिथे ती तगली, यामागे कोणा राजाची आज्ञा नव्हती. व्रताच्या उद्यापनाला एखादी विधवा शास्त्रदान करी. एखादा वाणी मुलाच्या नावे ग्रंथाची नक्कल करवून देई. लेखक शेवटच्या पानावर वर्ष, गाव आणि दात्याचे नाव लिहून ठेवी. दरवर्षी ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, पोथ्या बाहेर काढून झटकायच्या, वारा द्यायचा, वेष्टने बदलायची, पूजा करायची आणि पुन्हा बांधून ठेवायच्या. पावसाळा तोंडावर आलेला असतो, वाळवीचे दिवस येणार असतात. नेमका तेव्हाच हा सण येतो. ज्यांना अपभ्रंशाचे अक्षर कळत नव्हते अशा पिढ्यान्‌पिढ्यांनी हे केले. कशासाठी करतो हे ठाऊक नसतानाही त्यांनी ते सोडले नाही, ही त्या वस्तीची खरी पुण्याई म्हणावी लागेल.

रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध केली, तीत कारंजाच्या पोथ्या आल्या आणि विद्वानांचे डोळे विस्फारले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी ते काम पुढे नेले. (दोघांची नावे सारखी असल्याने पुष्कळांचा घोटाळा होतो.) कारंजाच्या अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमालेतून डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये, हिरालाल जैन यांचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये आणि कनकामराचे ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये निघाले. या शेवटच्या काव्यात तेर आणि धाराशिवच्या लेण्यांचा संबंध येतो, म्हणजे मराठी मुलखाचीच ती कथा. याच प्राध्यापकांनी पुढे १९३९ पासून षट्खंडागमाच्या धवला टीकेचे खंड अमरावतीहून काढायला आरंभ केला. एका कापूसपेठेच्या गल्लीतल्या कपाटामुळे भारतीय भाषांच्या इतिहासाचे एक कोरे पान भरले, असे म्हटले तर ते फुगवून सांगितलेले होणार नाही.

वेशीबाहेरचे दोन ठिकाणे चालून पाहण्यासारखी आहेत. एक, १९१८ मध्ये ब्रह्मचारी देवचंद शहा यांनी, म्हणजे पुढील काळातील समंतभद्र महाराजांनी, स्थापन केलेला महावीर ब्रह्मचर्याश्रम. कुंभोज-बाहुबलीपर्यंत पसरलेल्या गुरुकुलांच्या परंपरेचे हे मूळ. दुसरे, मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद रुळांच्या मार्गावरचे कारंजाचे स्थानक. मुंबई-नागपूर लोहमार्ग कारंजाला टाळून मूर्तिजापूरवरून गेला आणि तालेवार पेठेला कापसाच्या गाठी पाठवण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी ही छोटी ‘शकुंतला’ पदरात घ्यावी लागली. कोणती पेठ वाढायची आणि कोणती मागे पडायची, हे तेव्हापासून रुळांनी ठरवले.

अलीकडे व्यापारी घराण्यांतील तरुण जोडपी युरोपचा प्रवास करतात आणि त्यांतली काही स्पेनला जातात. तेथील कोर्दोबा शहरात त्यांना दिवसभर पायी फिरावे लागते, कारण जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत मोटार शिरतच नाही. परत आल्यावर त्या गल्ल्यांची छायाचित्रे हौसेने दाखवली जातात: पांढऱ्या भिंती, लाल फुलांच्या कुंड्या, कमानीतून दिसणारा चौक. ही छायाचित्रे पाहताना आजीला आपल्या माहेरचा वाडा आठवतो आणि त्यात तिची काही चूक नाही. दोन्ही घरे एकाच उन्हाने घडवली आहेत. ग्वादलक्विविर नदीच्या खोऱ्यातले कोर्दोबा हे स्पेनच्या सर्वांत तापणाऱ्या शहरांपैकी एक. तेथे ऑगस्टात पारा सेहेचाळीसच्या पुढे गेलेला आहे. अकोलेकराला हा आकडा मे महिन्यातला वाटेल. अशा उन्हाला उत्तर एकच: जाड भिंती, अरुंद गल्ली आणि मधोमध चौक. रात्री थंड हवा चौकात उतरते, सकाळी पाणी शिंपडले की ती तेथेच दुपारपर्यंत रेंगाळते. तेथील बायका तो चौक कुंड्यांनी भरतात, इथे सडा-सारवण होत असे, एवढाच फरक.

कोर्दोबाच्या वस्त्या पायी पाहण्याची रीत मोठ्या मशिदीपासून सुरू होते. आठव्या शतकात तिचा पाया घातला गेला आणि पुढे तिच्या पोटातच ख्रिस्ती कॅथेड्रल उभे राहिले. तिच्या पलीकडे ज्यू लोकांची जुनी वस्ती. मायमोनिडीस हा थोर तत्त्वज्ञ बाराव्या शतकात याच शहरात जन्मला. बार्शीटाकळीचा शिलालेख कोरला जात होता तेव्हा तो इजिप्तमध्ये होता, कारण घराणे छळामुळे परागंदा झाले होते. चौदाव्या शतकातले एक लहानसे सिनेगॉग तेथे शिल्लक आहे. मध्ययुगातील अशी स्पेनमध्ये फार थोडी उरली, कारण १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर घालवण्यात आले. वस्ती आहे, नाव आहे, माणसे नाहीत. शहराची जुनी ख्याती कातड्याच्या कामाची, ते जैन प्रवासी पाहणार नाही. पण चांदीच्या नाजूक तारकामाची दुकाने सराफ घराण्यातल्या कोणालाही थांबवतील. खाण्याबाबत मात्र जपून असावे. सालमोरेजो नावाचे टोमॅटोचे थंड सार दिसायला निरुपद्रवी असते; त्यात लसूण असतो आणि वरून अंडे व मांसाचे तुकडे टाकण्याची चाल आहे.

पुष्पदंत मान्यखेटात लिहीत होता त्याच वर्षांत कोर्दोबात दुसरा हकम गादीवर होता (९६१ ते ९७६). त्याच्या ग्रंथालयात चार लाख ग्रंथ होते असे जुने लेखक लिहितात. संख्या फुगलेली असली तरी ते ग्रंथालय जगातल्या मोठ्या ग्रंथालयांत मोडत होते हे निर्विवाद. त्याच्या मृत्यूनंतर सत्तेवर आलेल्या मन्सूराने कर्मठांना खूश करण्यासाठी त्यातले तत्त्वज्ञान आणि ज्योतिषाचे ग्रंथ जाळवले. अकराव्या शतकाच्या आरंभी यादवी माजली तेव्हा उरलेले विकले गेले, लुटले गेले. निश्चितपणे त्या संग्रहातला म्हणता येईल असा एखाददुसरा ग्रंथच आज ज्ञात आहे. चार लाखांचे राजाचे कपाट रिकामे झाले आणि वाण्यांच्या गल्लीतले कपाट राहिले. राजाकडे ग्रंथ एकाच ठिकाणी होते. व्यापाऱ्यांनी ते गावोगाव वाटून ठेवले होते. जोखीम वाटून घ्यावी हे पेढीवरचे शहाणपण पोथ्यांनाही उपयोगी पडले.

तरीही आज परिस्थिती उलटी आहे, हे कबूल केले पाहिजे. कोर्दोबाने आपली घरे राखली आणि वऱ्हाडातल्या पेठा आपली गमावत आहेत. तेथे १९२१ मध्ये नगरपालिकेने चौकांची स्पर्धा सुरू केली. दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात लोक आपल्या घराचा दरवाजा उघडा ठेवतात आणि वाटसरू आत येऊन चौक पाहून जातात. सान बासिलिओ, सान लोरेन्झो, सांता मरिना अशा वस्त्या त्या दिवसांत पायी फिरणाऱ्यांनी फुलून जातात. उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालण्यासाठी लांब वेताच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधलेला असतो. तसे पाणी घालणाऱ्या बाईचा पुतळाच शहराने उभारला आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने या सणाला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की मान इमारतीला मिळालेला नाही, तेथे राहून चौक जपण्याच्या रीतीला मिळाला आहे.

त्याचीही दुसरी बाजू आहे. पाहुणे वाढले, घरे भाड्याच्या खोल्या झाली आणि मूळचे राहणारे बाहेर पडू लागले. आखेरकिया या पूर्वेकडच्या जुन्या भागात कित्येक चौकघरे रिकामी, वारसांच्या वादात अडकलेली होती. तेथे काही वास्तुविशारद आणि रहिवासी यांनी मिळून सहकारी पद्धतीने अशी घरे घ्यायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा राहती करायची, असा प्रयोग चालवला आहे. एकाला न पेलणारे घर पाच-सहा कुटुंबांना पेलते, कारण चौक पूर्वीही सामाईकच होता.

वऱ्हाडातला वाडा पडतो तो एका दिवसात पडत नाही. थोरला पुण्याला, मधला अकोल्याला नव्या वसाहतीत, धाकटा परदेशी. आई होती तोवर दिवाळीला चूल पेटत असे, ती गेल्यावर कुलूप लागते. मिळकत पत्रिकेवर नावे चढत जातात. जैनांनाही लागू असलेल्या हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत लेकींना मुलांइतकाच हक्क मिळाला. ते न्याय्यच झाले, पण त्यामुळे एका वाड्यावर बारा-पंधरा सह्या लागतात. कोणाचेच कोणाशी भांडण नसते, फक्त सगळे एकदम भेटत नाहीत. दरम्यान माळवदावरची माती दरवर्षी चोपावी लागते ती चोपली जात नाही. पहिल्या पावसाळ्यात गळते, दुसऱ्यात तुळई कुजते, तिसऱ्यात ओसरी बसते. मग कोणीतरी जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन नक्षीचा दरवाजा आणि खांब उचलतो. ते शहरातल्या एखाद्या हॉटेलात शोभेला लागतात. जागा बांधकाम व्यावसायिकाकडे जाते. हिशेबाने पाहिले तर यात कोणाचा तोटा झाला असे दाखवता येत नाही, आणि व्यापारी माणसाला जे वहीत दाखवता येत नाही ते पटवणे कठीण.

म्हणून काही साध्या गोष्टी आधी कराव्यात. सह्या गोळा होण्याची वाट न पाहता माळवद किंवा कौले तेवढी दरवर्षी नीट करवून घेण्याचा खर्च वारसांनी आपसात वाटून घ्यावा. तो एका लग्नाच्या सजावटीहून बहुधा कमी येतो. घरात जुन्या रोजमेळाच्या चोपड्या, हुंड्या, यात्रेच्या पत्रिका, एखादी पोथी असेल तर ती रद्दीत देण्यापूर्वी जाणत्याला दाखवावी. सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केल्यापासून हस्तलिखितांची नोंद आणि छायाप्रती करण्याची सोय झाली आहे. मूळ पोथी घरात ठेवूनही तिची प्रत जगापुढे जाऊ शकते. ज्यांना घर ठेवायचेच नाही त्यांनी निदान ते पडण्याआधी त्याचा नकाशा कागदावर काढावा आणि कोणती खोली कशाची होती ते घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारून लिहून घ्यावे. पुरुषांना पेढीची लांबी-रुंदी आठवते, बळदाची खोली बायकांनाच ठाऊक असते.

आणि कारंजाला जाणाऱ्यांनी मोटार वेशीबाहेर ठेवावी. सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी, दिल्ली वेशीकडून आत शिरावे. मुलांना सोबत घ्यावे. त्यांच्या हाती मोबाइल असेल तर दारावरच्या नक्षीचे, ओट्याच्या दगडांचे फोटो काढू द्यावेत. ओट्यावर कोणी आजोबा बसलेले असतील तर थांबून ‘जय जिनेंद्र’ म्हणावे आणि कोणाचे घर म्हणून विचारावे. वऱ्हाडात असे विचारणाऱ्याला पाणी न देता कोणी सोडत नाही. तीन मंदिरांना तीन तास लागतील. श्रुतपंचमी पुढच्या वर्षीही ज्येष्ठातच येणार आहे. त्या दिवशी पोथ्या उन्हावाऱ्याला बाहेर निघतात, आणि बाहेरगावी राहणाऱ्या वारसांनी त्याच सुमारास दोन दिवस येऊन कुलूप काढायचे ठरवले, तर पोथीबरोबर घरालाही वारा लागेल.